मनगट मोडले, कमतरता पायांत होती: राजापूरच्या किनाऱ्यावरचे एक प्रकरण

काकी ६६ वर्षांच्या. राजापूर तालुक्यात जैतापूर खाडीजवळच्या एका वाडीत सून आणि नातवासोबत राहतात. मुलगा मुंबईत, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे साडेपाचला परसातल्या न्हाणीघराकडे जाताना जांभ्याच्या शेवाळलेल्या पायरीवर डावा पाय सटकला. पडता पडता उजवा हात टेकला आणि मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर झाले. ते काढताना घरच्यांना सांगितले गेले, "हाडे ठिसूळ झाली आहेत, आता जपून राहा."

(काकी म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हे. या पट्ट्यात पुन्हा पुन्हा दिसणारे चित्र एका कागदावर यावे म्हणून हे प्रकरण जुळवले आहे. मोजमापांचे निकष आणि औषधांचे नियम मात्र प्रचलित वैद्यकीय पद्धतीचेच आहेत.)

घरच्यांनी सल्ला अक्षरशः पाळला. पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढणे-उतरणे बंद, विहीर बंद, जमिनीवर बसणे बंद. न्हाणीघरात कमोड बसवला. मुलाने मुंबईहून कमरेचा पट्टा आणि पाय दाबायचे यंत्र पाठवले. सप्टेंबर संपेपर्यंत काकींना हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठणे जड जाऊ लागले. सुनेच्या बोलण्यात पुढचे सगळे निदान होते: "आईंचा हात बरा झाला, पण आता ओटीवरून उठताना खांब धरावा लागतो. आधी असं नव्हतं."

पडण्याची फेरतपासणी

"शेवाळावरून घसरल्या" एवढ्यावर प्रश्न सोडून दिला असता तर पुढच्या पावसात दुसरे हाड मोडले असते. त्या पहाटे एकूण पाच गोष्टी एकत्र आल्या होत्या. पायरी निसरडी होती, वीज गेलेली होती आणि रबरी चपलेचा तळ झिजून गुळगुळीत झाला होता. चौथी गोष्ट रक्तदाबाची. पाच मिनिटे आडवे ठेवून मोजला तेव्हा तो १३८/८० भरला आणि उभे राहून एक मिनिट झाल्यावर ११२/७०. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला की ते पडण्याचे कारण मानायचे. काकींच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले होते, आणि रात्री उठावे लागू नये म्हणून त्या संध्याकाळनंतर पाणी पीत नव्हत्या. पहाटे अंथरुणातून उठून थेट पायरीवर. डॉक्टरांनी गोळी बदलली. उठल्यावर दोन मिनिटे खाटेच्या कडेला बसून घोटे वर-खाली करायचे आणि मगच उभे राहायचे, हा नियम लावला. तीन आठवड्यांनी फरक ८ वर आला.

पाचवी गोष्ट पाय. पाय सटकला की दुसरा पाय अर्ध्या सेकंदाच्या आत पुढे किंवा बाजूला टाकून शरीर सावरावे लागते. त्यासाठी मांडी आणि कुल्ल्याच्या स्नायूंत ताकद तर हवीच, वेगही हवा. वयानुसार झडतात ते प्रामुख्याने झटक्याने काम करणारे तंतू. म्हणून चालणे ठीकठाक वाटणारी बाईसुद्धा तोल गेला की ओंडक्यासारखी पडते. हातावर पडली तर मनगट जाते, कुशीवर पडली तर खुबा.

काय मोजले

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासात ही मापे घेतली. लागले एवढेच: बिनहाताची ४३ सेंमी उंचीची खुर्ची, मोबाइलमधले घड्याळ, शिंप्याची टेप आणि पकडीचा जोर मोजायचे छोटे यंत्र.

हात छातीवर बांधून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभे राहता येते? काकींचे ६. या वयोगटात, म्हणजे ६५ ते ६९ च्या बायकांत, ११ पेक्षा कमी आकडा सरासरीखालचा धरतात. पाच वेळा उठबस करायला २३ सेकंद लागले. आशियाई निकषात १२ सेकंद किंवा जास्त म्हणजे कामगिरी कमी. सहा मीटर चालायला साडेआठ सेकंद, म्हणजे सेकंदाला ०.७ मीटर; हवा किमान १. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून उभे राहणे ४ सेकंद जमले, १० जमायला हवे. डाव्या हाताची पकड १४ किलो भरली, बायकांत १८ च्या खाली ती कमी समजतात. पोटरीचा घेर ३० सेंमी. ३३ च्या खाली गेला की स्नायू झडल्याची शंका घ्यायची. वजन ४७ किलो.

उंची १४९ सेंमी. हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. पण घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत पंचवीस वर्षांपूर्वीचे एक डिस्चार्ज कार्ड निघाले आणि त्यावर उंची १५३.५ लिहिलेली होती. चार सेंटिमीटरहून जास्त उंची कमी झाली असेल तर मणक्याचा बाजूने एक्स-रे काढायचाच. काढला. बाराव्या छातीच्या मणक्याचा, म्हणजे डी-१२ चा, पुढचा भाग दबून पाचरीसारखा झालेला दिसला. अस्थिभंग जुना होता. तीन वर्षांपूर्वी भाताची लावणी संपल्यावर दोन महिने "कंबर धरली आहे" म्हणून बाम चोळत काढले होते, बहुधा तोच काळ. मणक्याचे असे अस्थिभंग बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

त्याच कार्डावर दुसरा धागा होता. वयाच्या ४१ व्या वर्षी पिशवी काढली, आणि पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही. घरच्यांना फक्त "पिशवी काढली" एवढेच ठाऊक. भारतीय बायकांची पाळी साधारण ४६-४७ ला जाते. अंडाशयांतून येणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाडे जपते; काकींच्या हाडांचे ते छत्र त्याच्या पाच-सहा वर्षे आधीच उडाले होते. इस्ट्रोजेन गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच हाडाची झीज सर्वांत वेगाने होते. पिशवी काढलेल्या प्रत्येक बाईला "अंडाशये ठेवली की काढली?" हे विचारलेच पाहिजे. उत्तर माहीत नसेल तर जुना कागद शोधावा.

डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या, तपासणीसाठी अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर गाठावे लागले. कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाच्या तुलनेतला आकडा) −३.०, खुब्याच्या मानेचा −२.७. उणे अडीच किंवा त्याखाली गेले की अस्थिसुषिरता, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार. खरे तर उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणे आणि पडल्याशिवाय मणका दबणे, एवढ्यावरच निदान झाले होते. डेक्साचा उपयोग पुढे तुलना करण्यापुरता. रक्तात ड जीवनसत्त्व ११ (२० च्या खाली कमतरता), हिमोग्लोबिन १०.४, कॅल्शियम, थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ठीक. दबलेला मणका आणि रक्त कमी असे दोन्ही एकत्र दिसले की मायलोमा, म्हणजे मज्जेचा कर्करोग, नाही ना हे पाहावे लागते. त्यासाठी रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी केली, ती निर्दोष आली. ही पायरी बऱ्याचदा गाळली जाते.

"ती तर दिवसभर कामातच असते"

व्यायामाचे नाव काढताच घरातून आलेले हे वाक्य. कोकणातल्या बाईबाबत ते खरेही आहे, आणि म्हणूनच फसवे. काकींचे काम लांबलचक आहे, पण स्नायूच्या दृष्टीने हलके. भांडी, झाडलोट, सारवण, निवडणे-टिपणे, गुरांचे वैरणपाणी. स्नायू वाढतो तो त्याच्या सवयीपेक्षा जास्त ओझे आले तर. तीस वर्षे तीच कळशी तेवढीच भरून उचलली तर शरीर तेवढ्यापुरतेच तयार राहते. हाडाचे गणित आणखी वेगळे. हाडाला थोडेच पण जोरकस, झटक्याचे आणि वेगवेगळ्या दिशांचे दाब हवे असतात. तासभर वाकून लावणी केल्याने खुब्याला काही मिळत नाही, मणक्याला मात्र पुढून दाब बसतो.

त्यात गेल्या दहा वर्षांत जे थोडे जड काम होते तेही गेले. नळ परसात आला म्हणून रहाट थांबला. गॅस आला म्हणून लाकडाचा भारा थांबला. स्वयंपाक ओट्यावर चढला, विळीची जागा सुरीने घेतली. दिवसातून अनेकदा होणारे खाली बसणे-उठणे एकेक करून सुटले. उरली होती ती उकिडवी बसायची एक वेळ, ती कमोडने संपवली. गुडघे फार खराब असतील तर कमोड हवाच. पण मनगट मोडले म्हणून कमोड हा आमच्या मते उलटा उपाय.

"या वयात आता काय ताकद येणार?" या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी मिळालेले आहे. १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धनिवासात नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा जड व्यायाम दिला गेला, तेव्हा मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. शब्द "जड" हा होता. हात-पाय हलवण्याचे सोपे व्यायाम देऊन असे घडत नाही.

औषधे, थोडक्यात

प्लास्टरच्या काळातच आठवड्यातून एकदा घ्यायची ७० मिग्रॅ अलेंड्रोनेटची, म्हणजे हाडाची झीज रोखणारी, गोळी लिहून दिली होती. ती रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन पुढे किमान अर्धा तास बसून किंवा उभे राहायचे असते, आणि त्या अर्ध्या तासात चहासुद्धा चालत नाही. काकी ती चहाबरोबर घेऊन पुन्हा आडव्या होत. छातीत जळजळ सुरू झाली, ऑगस्टमध्ये गोळी बंद पडली आणि कुणी विचारले नाही. जी गोळी पाळणे घरात जमणार नाही ती लिहून उपयोग नाही. त्यामुळे डॉक्टरांनी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे ५ मिग्रॅ झोलेड्रोनिक अॅसिड निवडले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या होरायझन चाचणीत तीन वर्षांत या औषधाने मणक्याचे अस्थिभंग ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी झाले होते.

पण ते देण्याआधी तीन गोष्टी लागतात. ड जीवनसत्त्व भरून काढावे लागते, नाहीतर रक्तातले कॅल्शियम अचानक उतरते. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३५ मिलीच्या वर हवी; काकींची वजन-वयाच्या हिशेबाने ५१ आली. आणि हलणारा दात आधी काढून जखम भरू द्यावी लागते. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची मात्रा आठवड्याला एक अशी आठ आठवडे, मग महिन्याला एक. खालची दाढ नोव्हेंबरात काढली. डिसेंबरात रत्नागिरीला इंजेक्शन झाले. दोन दिवस ताप आणि अंगदुखी होईल हे आधीच सांगून ठेवले होते, म्हणून घरच्यांची धावपळ झाली नाही.

व्यायाम: किती, कसा, कधी वाढवायचा

आठवड्यातून तीन दिवस, सकाळी पेज घेतल्यावर तासाभराने, ओटीवर. एका वेळी ३५ मिनिटांच्या आत संपेल एवढाच. मधला दिवस विश्रांतीचा, कारण स्नायू बांधला जातो तो विश्रांतीत.

मुख्य व्यायाम उठबस. खुर्ची भिंतीला टेकवलेली, म्हणजे मागे सरकत नाही. सुरुवातीला बैठकीवर दोन घड्या घातलेल्या गोधड्या ठेवून उंची ५१ सेंमी केली, कारण ४३ वरून काकींना हात न लावता आठ वेळा उठता येत नव्हते. पावले खांद्याएवढ्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे, हात छातीवर. "नाक पायाच्या बोटांवर आणा आणि मग उठा," एवढीच सूचना. बहुतेकांना उठता येत नाही ते ताकदीइतकेच पाठ मागे ठेवून उठू पाहण्यामुळे. उठायचे झटक्यात, श्वास सोडत. बसायचे सावकाश, मनात तीन मोजत. आठ वेळा, मग दोन मिनिटे बसून राहायचे, असे तीन फेरे.

वाढवण्याचा नियम भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवला: तिन्ही फेऱ्यांत बारा-बारा वेळा होऊ लागले आणि सलग दोन दिवस तसे जमले की एक गोधडी काढायची. दोन्ही गोधड्या निघाल्या की नातवाच्या जुन्या दप्तरात तांदळाच्या किलोकिलोच्या पिशव्या घालून ते छातीशी धरायचे आणि पुन्हा आठवर यायचे. फेऱ्यातल्या शेवटच्या दोन वेळा "आता आणखी दोनच जमतील" असे वाटले पाहिजे. वाटले नाही तर ओझे कमी आहे.

दुसरा व्यायाम ओटीच्या पायरीवर चढणे. पायरी मोजून १८ सेंमी. खांब धरून एका पायाने चढायचे, त्याच पायाने उतरायचे, खालच्या पायाने उडी घ्यायची नाही. प्रत्येक पायाला आठ, तीन फेरे. तिसरा, कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूंसाठी: सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा घोट्यांच्या वर बांधून ओट्याच्या कडेने आडवे चालणे, दहा पावले उजवीकडे, दहा डावीकडे. एका पायावर उभे असताना कंबर सरळ धरून ठेवणारा हाच स्नायू. तोल बाजूला जातो तेव्हा कामी येतो तोही हाच, आणि रोजच्या पुढे-मागे चालण्यात तो जवळजवळ उपाशी राहतो. चौथा, खांब धरून टाचा उचलणे, पंधरा वेळा. ते सोपे झाल्यावर एका पायावर.

पाचवा जानेवारीपासून, मनगटाला परवानगी मिळाल्यावर: बादली उचलणे. आधी बादलीशिवाय शिकवले. पाठीवर उभी काठी धरायची, ती डोक्याला, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे. गुडघे थोडे वाकवून कुल्ले मागे ढकलायचे. काठी एका जागी जरी सुटली तरी पाठ वाकली. हे जमायला तीन आठवडे गेले. आयुष्यभर कंबरेतून वाकून काम केलेल्या शरीराला खुब्यातून वाकणे नवीन असते. मग ३० सेंमी उंच घडवंचीवर बादली ठेवून तीन लिटर पाण्यापासून सुरुवात. लिटरला किलो, हिशेब सोपा.

पुढे वाकण्याचे व्यायाम पूर्ण वर्ज्य. पायाची बोटे धरणे, पश्चिमोत्तानासन, पोटाच्या उठाबशा, काहीच नाही. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने पाठीची हाडे ठिसूळ झालेल्या बायकांचे जे निरीक्षण प्रसिद्ध केले, त्यात पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के जणींना मणक्याचे नवे दबाव दिसले, मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात १६ टक्के. गट लहान होते, तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. गावात योगवर्ग भरतो तिथे काकी जात होत्या. जाणे चालू ठेवले, पण कोणत्या आसनांना नुसते बसून राहायचे ते शिक्षिकेला लिहून दिले.

उड्या दिल्या नाहीत. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या लिफ्टमोर चाचणीत पाळी गेलेल्या, हाडे विरळ झालेल्या बायकांनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास जड वजने उचलली आणि उडी मारून जोरात पाय टेकले. आठ महिन्यांत कंबरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली, तर हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. ही चाचणी सांगताना पुढचे वाक्य हमखास गळते: तिथे प्रत्येक उचल प्रशिक्षित माणसाच्या नजरेखाली होत होती. डी-१२ दबलेल्या बाईने ते मोबाइलवर पाहून ओटीवर करू नये. त्याऐवजी फेब्रुवारीपासून टाचा उचलून ठाम आपटणे, दिवसाला वीस. याचा हाडावर होणारा परिणाम माफकच, पण धोकाही कमी.

अडले कुठे

दुसऱ्याच आठवड्यात उजवा गुडघा सुजला. चौकशीत निघाले की शेजारच्या वहिनींनी "आठाने काय होतं, पंचवीस काढा" म्हटले होते. शिवाय उठताना गुडघे आत वळत होते. दोन दिवस उठबस थांबवली, बाकीचे चालू ठेवले. मग उंची पुन्हा वाढवून, गुडघ्यांच्या वर ट्यूबचा पट्टा बांधून ("पट्टा ताणून ठेवा") आठवर आणले. दुखण्याचा नियम दिला: दहापैकी तीनपर्यंत दुखले आणि दुसऱ्या सकाळी उतरले तर चालू ठेवा. सूज आली किंवा सकाळी जास्त आखडले तर एक फेरा कमी करा. व्यायाम सोडायचा नाही. गुडघ्याची झीज असलेल्या बाईला मांडीची ताकद लागते ती इतरांपेक्षा जास्त.

मार्गशीर्षात वेगळीच गाठ पडली. ठरलेल्या तीन दिवसांत गुरुवार होता आणि त्या दिवशी काकींचा उपास. रिकाम्या पोटी करताना डोळ्यांपुढे अंधारी आली. गुरुवारचा बुधवार केला, संपले.

सर्वांत मोठी गोची दिसायला निरुपद्रवी होती. जानेवारीत चार आठवडे कॅलेंडरावर रोज तेच: दोन किलो, बारा, बारा, बारा. सुनेला वाटत होते, छान चालले आहे. प्रत्यक्षात ओझे वाढवणे थांबले होते, कारण दप्तरात तिसरी पिशवी घालायला सासू-सून दोघी घाबरत होत्या. शिवाय बसणे "तीन मोजत" न राहता धपकन झाले होते. खाली बसतानाचा अर्धा व्यायाम फुकट. घरी चालणारे असे कार्यक्रम सहसा इथेच मरतात. कुणी थांबवत नाही, पण पुढेही सरकत नाहीत. राजापूरला फिजिओथेरपिस्टकडे महिन्यातून एक फेरी ठेवली ती याचसाठी: तिथे चार किलो धरून दाखवले, काही मोडले नाही, घरी सुरू झाले.

ड जीवनसत्त्वाचे पाकीट आठ आठवड्यांनंतरही दर रविवारी चालूच राहिले होते, "ताकदीची गोळी" म्हणून. जानेवारीच्या फेरीत ते सापडले. साठ हजारांची मात्रा वर्षानुवर्षे आठवड्याला घेतली तर कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडाला इजा असे प्रकार होतात. उरलेली पाकिटे कपाटातून काढून महिन्याच्या एक तारखेवर खूण केली.

मार्चअखेर काजूच्या बिया गोळा करायला काकी परस्पर बागेत गेल्या. दोन दिवस ओणव्याने. तिसऱ्या दिवशी पाठ धरली. एरवी पाठ धरली तर शेक पुरतो, पण दबलेला मणका असताना ताबडतोब एक्स-रे. नवीन काही नव्हते. तेव्हापासून बिया उचलायला बांबूच्या टोकाला चिमटा, आणि ओणवे होणे सलग दहा मिनिटांवर नाही.

ताट

४७ किलो वजनाला या वयात दिवसाला ४७ ते ५६ ग्रॅम प्रथिने हवीत. काकींच्या ताटात ३२ च्या आसपास निघाली. मासे घरात रोजचे, पण तुकडे नातवाला, काकींना सार आणि शेपटी. किनाऱ्यावरच्या घरांत हे इतके सवयीचे आहे की आहार विचारताना "मासे खाता का?" असे विचारून उपयोग नाही. "तुकडा किती मोठा आणि कुणाला?" असे विचारावे.

दुसरी अडचण हंगामाची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्यानंतर श्रावण. म्हणजे पायऱ्या सर्वांत निसरड्या असतात तेच अडीच-तीन महिने ताटातली प्रथिने सर्वांत कमी. त्या काळासाठी वेगळा हिशेब केला. सकाळी एक अंडे (६ ग्रॅम) आणि पेलाभर दूध (साडेसहा). ३० ग्रॅम कुळथांची उसळ (साडेसहा). नुसत्या पिठीवर भागत नाही, कारण वाटीभर पिठीत कुळीथ असतो चिमटीभरच. संध्याकाळी सुका जवळा मूठभर, मिठासाठी दोन पाण्यांतून धुऊन. श्रावणात अंडे-जवळा बंद झाला की दही, मूग आणि शेंगदाण्यांनी भर.

कॅल्शियमला नाचणी मोठी मदत करते: ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे १७० मिग्रॅ. दूध-दही मिळून ३५०, दोन चमचे तिळाची चटणी शंभरेक, बाकी भाजी-मासळी. हजार-बाराशेला जे कमी पडते त्यासाठी ५०० मिग्रॅची एकच गोळी दुपारच्या जेवणानंतर. लोहाची गोळी रात्री, कारण दोन्ही एकत्र घेतली तर लोह नीट शोषले जात नाही.

पायरी, चप्पल, दिवा

परसाच्या पायऱ्यांचे शेवाळ मे महिन्यात तारेच्या ब्रशने घासून ब्लीचिंग पावडरचे पाणी घातले, पण एवढ्याने पाऊस सरत नाही. गवंड्याकडून चिऱ्यावर टाकीने आडव्या खाचा मारून घेतल्या, कडेला पिवळा पट्टा ओढला आणि एका बाजूला लोखंडी पाइपचा कठडा लावला. घसरगुंडी झालेली पायपुसणी काढून टाकली. मागे पट्टा असलेल्या, खोबणीच्या तळाच्या सँडल. वीज जाते म्हणून बॅटरीवर चालणारा बल्ब परसाच्या दारावर. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू फेब्रुवारीत काढला.

जमिनीवरून उठायचेही शिकवले, मनगट बरे झाल्यावर: कुशीवर वळा, दोन्ही हात आणि गुडघ्यांवर या, स्टुलापर्यंत रांगत जा, एक पाऊल पुढे टेकवा, उठा. पडल्यावर उठता न येणारी बाई हाड न मोडताही तासन् तास थंड फरशीवर पडून राहते.

नऊ महिन्यांनी

जूनअखेरची मापे: ३० सेकंदांत उठबस ६ वरून १३ (बाराव्या आठवड्यात ९, चोविसाव्यात १२). पाच वेळांना २३ सेकंदांऐवजी ११. चालण्याचा वेग ०.७ वरून ०.९५, अजून एकच्या किंचित खाली. एकामागे एक पाऊल ठेवून उभे राहणे पूर्ण १० सेकंद. छातीशी ८ किलो, बादली १२ लिटर. वजन ४९ किलो, पोटरी ३१ सेंमी. पोटरी फारशी भरली नाही आणि तशी अपेक्षाही नव्हती. पहिल्या महिन्यांत ताकद वाढते ती बरीचशी मज्जातंतू जास्त तंतूंना कामाला लावू लागतात म्हणून, मांस नंतर येते.

डेक्सा पुन्हा केली नाही. मुलाचा आग्रह होता, पण वर्षाच्या आत दिसणारा फरक यंत्राच्या आणि मापनाच्या चुकीएवढाच असतो. दोन टक्के वाढ दिसली तर उगाच आनंद, दोन टक्के घट दिसली तर उगाच औषध बदलणे. ती डिसेंबरात, दुसऱ्या इंजेक्शनच्या आधी, त्याच कोल्हापूरच्या यंत्रावर. वेगळ्या यंत्राचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

कमोड राहिला, पण काकी आता बाहेरचे जुने संडासही वापरतात, भिंतीला लावलेली दांडी धरून. चौतीस पायऱ्यांची पाखाडी दिवसातून एकदा, पावसात सुनेसोबत आणि हातात ओझे नसताना. पाचर झालेला मणका तसाच राहणार, त्यामुळे लावणीला जायचे नाही यावर डॉक्टर ठाम आहेत आणि काकी नाराज. तडजोड म्हणून बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधायचे काम त्यांच्याकडे आले आहे, तेही उंच स्टुलावर. पुढचे ओझे नऊ किलो.